श्वासांचा म्होरक्या

रेखा ढवळेला रविवारी सकाळी हजेरी आली, तेव्हा विणकर वसाहतीतल्या प्रत्येकाने आधी आपल्या शेजाऱ्याच्या दाराकडे पाहिलं.

रेखा म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, खाली मान घालून चालणारी बाई. हक्क समितीच्या बैठकीला ती नेमाने यायची आणि कधी तोंड उघडायची नाही. शनिवारी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला केंद्रात बसवून ठेवलं, तेव्हा मी विचारलं, त्यानं काय केलंय? तर साहेब म्हणाले, अजून काही केलेलं नाही, म्हणूनच बोलावलंय." एवढंच बोलून ती खाली बसली. सभामंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शांतता केंद्राचा शिपाई तिच्या दारात हजर.

हजेरीला अटक म्हणता येत नव्हतं. गुन्हा नाही, आरोप नाही, कागद नाही. सकाळी केंद्रात जायचं, दिवेलागणीपर्यंत बाकावर बसायचं, ते सांगतील तितके दिवस. रोजंदारीवरच्या माणसाला तेवढं पुरतं. तोवर त्याच्या यंत्रमागावर दुसरा माणूस उभा राहिलेला असतो.

रेंदुर्ले गावाबाहेर यंत्रमागांच्या शेडमागे ही वसाहत. नव्या वस्त्रोद्योग पार्कला तिची जागा हवी होती. आम्हाला विचारल्याशिवाय उठवू नका, एवढंच म्हणायला समिती जमली, आणि समिती जमल्यापासून हजेऱ्या सुरू झाल्या. आता राज्याच्या हक्क आयोगाच्या एक सदस्य बाई येऊन जनसुनावणी घेणार होत्या. पण सुनावणीत बोलायला म्हणून जो जो तयार व्हायचा, त्याला नेमकी हजेरी यायची.

समितीने काळजी घेतली नव्हती असं नाही. बैठक मारुतीच्या देवळात व्हायची, शनिवारच्या कीर्तनाला लागून. येतानाच सगळ्यांचे फोन गाभाऱ्यामागच्या कोठीत, तांब्याच्या घागरीत पडायचे, वर झाकण. आधी टाळमृदंगाच्या साथीने पोटभर नामगजर, म्हणजे बाहेरच्याला वाटावं भजन चाललंय. मग त्याच बैठकीत, हलक्या आवाजात, कामाचं बोलणं. तरीही हे व्हायचं. बोलावणं वाटेल त्याला यायचं नाही, ज्याच्या शब्दाला त्या दिवशी वजन आलं त्यालाच यायचं.

आतलं कुणीतरी सांगत होतं. याला दुसरा अर्थच नव्हता.

इंदुमती होगाडे समितीची चिटणीस. घरी कांड्यांचं मशीन, नवरा शिवाप्पा मागावर, आणि जीव कीर्तनावर. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिने कीर्तनं ऐकली होती, आणि मोठी झाल्यावर बुवांच्या मागे झांज घेऊन धृपद धरायला उभी राहिली होती. तिच्या शेजारी कायम निलव्वा म्हेत्रे. बुवांनी ओळ टाकली की निलव्वा ती उंच उचलायची आणि शेवटाकडे सोडून द्यायची. सुटलेली ओळ इंदू झेलायची आणि समेवर आणून ठेवायची. किती वर्षं दोघींचं हे असं चाललं होतं. इंदूला मनात वाटायचं, बाई मोठ्या मनाची, शेवटचा मान दर वेळी मला देते.

आता बुवा येत नव्हते. पहिली हजेरी त्यांनाच आली होती. श्रीधरबुवांनी त्या दिवशी प्रल्हादाचं आख्यान लावलं होतं. असं रंगलं की बुवांनी श्वास घेतला की मंडप श्वास घ्यायचा, बुवा थांबले की मंडप थांबायचा. दुसऱ्या दिवशी त्यांना बसस्टँडवरून केंद्रात नेलं. वसाहतीने ठरवून टाकलं, हिरण्यकश्यपू म्हणजे आमचे नगरसेवक असा अर्थ कुणीतरी वर पोचवला. तेव्हापासून शनिवारी कुणी उभंच राहत नव्हतं. बसल्या बसल्या सगळे मिळून गजर करायचे, तेवढंच कीर्तन.

*

रविवारी संध्याकाळी समितीचे उरलेसुरले लोक दस्तगीर मास्तरांच्या ओसरीवर जमले. मास्तर निवृत्त झालेले, समितीचे अध्यक्ष, आणि देवळाच्या पारावर बसून प्रत्येक कीर्तन ऐकणारे. त्यांनी आवाज खाली आणला.

"कुणाला हजेरी आली हे बघून काही हाती लागत नाही. कुणाला आली नाही ते बघू या."

कुणी नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच बाई. निलव्वा प्रत्येक बैठकीत बोलायची, सगळ्यांपेक्षा तिखट बोलायची, आणि तिला एकदाही बोलावणं आलं नव्हतं.

"मी सांगू का?" मृदंगवाला शंकर म्हणाला. "मंगळवारी मी सायकलवरनं येत होतो. निलव्वा केंद्रात शिरताना बघितली. आपल्या पायानं. पदर डोक्यावरनं पार नाकापर्यंत."

"तिथंच आरोग्याचा दवाखाना पण आहे की," इंदू म्हणाली.

"मग तोंड झाकून कशाला जायचं? दवाखान्यात जायला लाज वाटते व्हय?"

निलव्वाने इंदूला दवाखान्याचं कधी सांगितलं नव्हतं. आणि निलव्वा तिला तर भाजीला फोडणी कशाची दिली तेही सांगायची.

मास्तर म्हणाले, "सुनावणी होईपर्यंत त्यांनी बैठकीला येऊ नये. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. इंदूचा खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मास्तरांनी तो मोजला.

"चिटणीस म्हणून सांगायचं काम तुमचं, इंदूताई. पण त्याआधी मंगळवारी जरा मागावर राहा. उद्या आपण चुकलो असं व्हायला नको."

*

मंगळवारी निलव्वा निघाली आणि इंदू तिच्या मागे. स्वतःचीच लाज वाटत होती, पण पाय थांबत नव्हते.

वाटेत आरोग्य केंद्राने चौकात बसवलेला खांब लागला. कंबरेपाशी हळदीकुंकवाचे जुने डाग. या खांबांना वसाहत 'डॉक्टर' म्हणायची. मागच्या मे महिन्यात शिवाप्पा मागावरून घरी येताना पाराच्या मागे कोसळला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पण खांबाने ओळखलं, आपणहून रुग्णवाहिका बोलावली, आणि माणूस वाचला. इंदूने त्या संध्याकाळी खांबाला हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडला होता. तिचं बघून मग गल्लीगल्लीतल्या बायकांनी आपापल्या खांबांना कुंकू लावलं.

केंद्राची इमारत एकच, दारं दोन. डावीकडे शांतता केंद्र, उजवीकडे आरोग्य केंद्र. निलव्वा पायरीवर क्षणभर थांबली, मागे पाहिलं, आणि उजवीकडे शिरली. इंदू थोडा वेळ बाहेर उभी राहिली. मग तिच्या मनात आलं, आतून दोन्ही खोल्या एकच असल्या तर? ती आत घुसली.

निलव्वा बाकावर बसून एका नळीत फुंकर घालत होती. डोळे पाण्याने भरलेले. इंदूला पाहून तिने नळी खाली ठेवली.

"आलीस?" ती म्हणाली. "दोन गल्ल्या मागं होतीस. चपला तर बदलायच्या होत्यास. तुझी चप्पल मला झोपेत बी ओळखू येती."

"निलव्वा, हे काय आहे?"

"गिरणीतली कमाई. पिंजण खात्यात इतकी वर्षं काढली न्हवं, कापसाची पूड आत जाऊन बसलीया. मुकादमाला कळलं की उद्यापासनं घरी. म्हणून तोंड झाकून येते. झालं समाधान?" मग जरा थांबून, "हात वर केलास म्हणं."

"अर्धाच केला."

"अर्धा बी हातच असतो, इंदे."

पडद्याआडून डॉक्टर उपाध्ये बाहेर आल्या. तरुण, दमलेल्या चेहऱ्याच्या. वसाहतीतले खांब त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले होते. त्यांनी इंदूला तिथे बसू द्यावं का, असं निलव्वाला विचारलं. निलव्वाने मान हलवली आणि डॉक्टर निलव्वाशीच बोलू लागल्या.

"यंदाच्या उन्हात तुम्ही दुपारी बाहेर पडू नका. तुमच्या बाबतीत खांबावर भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही पडलात तरी त्याला कळणार नाही."

"का?" इंदूने विचारलं. शिवाप्पाचं कळलं, मग हिचं का नाही, हे तिच्या डोक्यात अडकलं.

डॉक्टरांनी टेबलावरची वाटी पुढे ओढली, तिच्यात पाणी ओतलं, मधे पेन उभं धरलं आणि काठावर टिचकी मारली. बारीक लाटा आतल्या पेनाला आपटून परत आल्या.

"खांबाला कानही नाहीत आणि डोळेही नाहीत," त्या म्हणाल्या. "तो अगदी क्षीण रेडिओलहरी सोडतो. त्या पत्र्याच्या फटींतून, विटांतून, कपड्यांतून जातात आणि माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती पुढे येते, सोडताना मागे जाते. परतणाऱ्या लहरीत तेवढा फरक पडतो. त्या फरकावरून तो प्रत्येकाचा श्वास वेगळा ओळखतो आणि नोंदीतल्या नावाशी जोडतो. ऊन लागलं की श्वास बदलतो, मग तो आम्हाला कळवतो. पण निलव्वाबाईंचा श्वास तुटक आहे. घेतात अर्धा, अडकतो, मग सोडतात. खांबाला वाटतं वाऱ्याने पडदा हलतोय. तो यांना हिशेबातून काढून टाकतो."

"म्हणजे मी माणूस न्हाई, पडदा," निलव्वा म्हणाली आणि हसता हसता खोकली.

इंदू हसली नाही. "खांब आणखी काय ओळखतो?"

डॉक्टरांनी उठून दार लोटलं.

"जत्रेत चेंगराचेंगरी होते, माहीत आहे ना? घबराट कुणापासून सुरू झाली हे लवकर कळलं तर जीव वाचतात. त्यासाठी खांबात एक भाग आहे. माणसं एकत्र गायली, की त्यांचे श्वास एका चालीवर येतात. गाणं संपल्यावरही थोडा वेळ तसेच राहतात. अशा वेळी एखादा बोलू लागला आणि बाकीचे मनापासून ऐकू लागले, तर ऐकणाऱ्यांचे श्वास त्याच्या श्वासामागे जातात. अगदी किंचित मागून. कुणामागे किती श्वास गेले, हे खांब काढू शकतो. मी तो भाग जत्रेपुरताच सुरू ठेवा असं लिहून दिलं होतं. आता तो कोण वापरतं, मला सांगत नाहीत."

बाहेर डावीकडच्या दारापाशी हजेरीवाल्यांची बाकं सरकवल्याचा आवाज आला. इंदूच्या डोळ्यांसमोर सभामंडप उभा राहिला. घागरीत निमूट पडलेले फोन. आणि त्याआधी, आवाज झाकायला म्हणून, सगळ्यांनी मिळून तल्लीन होऊन केलेला गजर. लपायला म्हणून आपण स्वतःच सगळ्यांचे श्वास एका दोऱ्यात ओवून द्यायचो, आणि मग त्या दोऱ्यावर कुणाचं बोट पडलं ते खांबाला सहज दिसायचं.

तरी घरी जाताना तिला दुसरंच वाटू लागलं. डॉक्टरीणही केंद्राचीच. हे सगळं सांगायला तिला कुणी सांगितलं नसेल कशावरून? निलव्वा सुटावी म्हणून? चौकात येईपर्यंत तिला निलव्वावर, डॉक्टरवर, आणि ज्याला तिने कुंकू लावलं त्या खांबावर, तिघांवर सारखाच संशय येत होता.

*

"गोष्ट चांगली आहे," ओसरीवर मास्तर म्हणाले. "पण गोष्टच. पुरावा काय?"

निलव्वा पायरीखाली उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"पुरावा काढू की," ती म्हणाली. "शनिवारी बैठकच घेऊ नका. समितीतल्या कुणी अवाक्षर बोलायचं न्हाई. फोन घागरीत टाकू नका, खिशातच असू द्यात, ऐकायचं त्याला ऐकू द्या. नुसतं नाम घ्यायचं. आणि पुढं असा माणूस उभा करायचा की ज्याचा समितीशी संबंध न्हाई. चुगली करणाऱ्याला चुगलीच मिळायची न्हाई. तरी त्या माणसाला हजेरी आली, तर समजा खांब बोलतोय."

"आणि नाही आली तर?" शंकरने विचारलं.

"मग मी बोलत हुते. मला वसाहतीतनं काढा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "पण उभं कुणाला करायचं? कुठल्या निरपराध माणसाला केंद्रात ढकलायचं?"

"अण्णासो मगदूम," निलव्वा म्हणाली.

शंकरच्या हातातली बशी कलंडता कलंडता राहिली. अण्णासो म्हणजे नगरसेवकांचा उजवा हात. पार्कच्या भूमिपूजनाचा फलक त्यानेच लावला होता. समितीला तो 'रिकामटेकड्यांचं मंडळ' म्हणायचा. पण गळा गोड, आणि आपल्या गळ्याचा त्याला अभिमान.

"तो यायचा नाही," मास्तर म्हणाले.

"बुवांच्या जागेवर उभं राहायला सांगा," निलव्वा म्हणाली. "धावत येतोय का न्हाई बघा."

इंदूला ते पटलंही आणि टोचलंही. शनिवारी दुपारी ती देऊळ झाडायला गेली तेव्हा मारुतीपुढे हात जोडून तिने मनातल्या मनात सांगितलं, देवा, तुझ्या नावाचा आम्ही आज सापळा लावतोय. दोष असला तर माझ्या पदरात टाक. त्या बिचाऱ्याला फार दिवस बसवू नको.

*

अण्णासो आला तो परीटघडीच्या धोतरात, उपरणं, कपाळाला बुक्का. झांज वाजवून बघितली, पेटीवाल्याला पट्टी सांगितली, मग मंडपाकडे नजर टाकून म्हणाला, "आज तुमच्या मंडळाला कळू दे, खरं कीर्तन कशाला म्हणतात. नुसतं आंदोलन करून देव भेटत नाही."

"सुरू करा, अण्णासो," मास्तर पारावरून म्हणाले. "आम्ही ऐकायलाच आलोय."

त्याने नाम उचललं.

इंदूने ठरवलं होतं की आज आपण नुसतं नाटक करायचं. झांज धरायची, तोंड हलवायचं, मन बाहेर ठेवायचं. पण अण्णासोचा आवाज पहिल्याच आवर्तनात मंडपाच्या पत्र्यापर्यंत गेला आणि तिथून मायेने खाली उतरला. हा माणूस एवढा चांगला गातो, आणि आपण त्याला कधी बोलावलंच नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. मृदंगाने लय धरली. निलव्वाने मागून ओळ उंच उचलली आणि शेवटाकडे सोडली. इंदूने ती झेलली, समेवर ठेवली, आणि त्या क्षणी तिला कळलं. मान नव्हता तो. निलव्वाचा श्वास तिथे संपत होता. इतकी वर्षं तिथेच संपत होता.

इंदूचे डोळे भरून आले. मग नाटक उरलं नाही. अण्णासो हात वर करायचा आणि सगळा मंडप श्वास घ्यायचा. समिती, हजेरीतून सुटलेले, हजेरीला भ्यालेले, सगळे त्याच्या मागे. मध्येच अण्णासोनेही डोळे मिटले. त्या वेळेपुरता तो नगरसेवकांचा माणूस नव्हता.

बाहेर खांब होता तसाच उभा होता.

*

रविवारी सकाळी आरडाओरडा ऐकून वसाहत अण्णासोच्या दाराशी गोळा झाली.

"अरे, मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?" अण्णासो बनियनवर उभा होता. "तुझ्या साहेबाला फोन लावतो. थांब."

"लावा," शिपाई म्हणाला. "साहेबांनीच पाठवलंय. यंत्रात नाव आलंय."

"पण कशाबद्दल?"

"कारण सांगायचा नियम नाही, अण्णासो. तुम्हीच तर मागं म्हणाला होता सभेत, कारण विचारतो तोच गुन्हेगार."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी तिकडे पाहिलं आणि हसू विझलं. मग मास्तर गर्दीतून वाट काढत निलव्वाकडे गेले. ती नळावर कळशी भरत होती. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही, पण मास्तरांनी टोपी काढून हातात धरली होती.

निलव्वाने कळशी कंबरेवर घेतली. "राहू द्या मास्तर," ती म्हणाली. "पाणी जाईल."

इंदू पुढे झाली, कळशीला हात लावायला. निलव्वाने कळशी दुसऱ्या बाजूला घेतली आणि तिला ओलांडून गेली.

चुगलीखोर कुणीच नव्हता, हे आता सगळ्यांना माहीत होतं. तरी नळावर बोलणारे कुणी आलं की गप्प व्हायचे. संशय गेला होता, त्याची सवय राहिली होती. शंकर तर आता बोलताना श्वास रोखून धरायचा. लोक एकमेकांकडे बघण्याऐवजी एकमेकांच्या छातीकडे बघू लागले. शनिवारी गजराला निम्मी माणसं आली, आणि आली तीही फटकून बसली, मुद्दाम बेताल टाळ्या वाजवत. इंदूला त्या दिवशी सगळ्यात जास्त वाईट वाटलं. एकत्र नाम घ्यायचीसुद्धा भीती घातली यांनी.

*

जनसुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. आयोगाच्या सदस्य बाई मधे, एका बाजूला शांतता केंद्राचे अधिकारी, समोर वसाहत. खिडकीतून अंगणातला खांब दिसत होता.

पहिली साक्ष अण्णासोची. हजेरी भोगून आला होता, आवाज खाली बसला होता. "बाई, मी कुठल्या समितीत नाही. मी देवाचं नाव घेतलं. माझ्यामागे लोकांनी घेतलं. त्यात शांतता कुठं बिघडली, एवढं मला कुणीतरी सांगावं." नगरसेवक पहिल्या रांगेत होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

मग डॉक्टर उपाध्ये उठल्या. नोकरी जाईल हे त्यांना माहीत असावं, कारण पर्स खांद्याला लावूनच उठल्या. खांबातला जत्रेचा भाग कशासाठी होता आणि तो बंद का केला नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. इंदूला त्यांच्यावर घेतलेला संशय आठवला आणि तिने मान खाली घातली.

अधिकारी म्हणाले, "यंत्रणेची माहिती गोपनीय आहे. आम्ही कुणाचंही बोलणं ऐकत नाही. कुणाच्याही धर्माशी, मताशी आमचा संबंध नाही."

"वसाहतीतर्फे कोण बोलणार?" सदस्य बाईंनी विचारलं.

निलव्वा उठली. ते आधीच ठरलं होतं. खांबाला जिचा श्वास लागत नाही, तिनेच सगळ्यांचं बोलायचं.

"बाई," ती म्हणाली, "आमची मागणी लई मोठी न्हाई. उठवायच्या आधी विचारा. बसवून ठेवायचं असलं तर कारण सांगा. लिहून सांगा. कारण कळलं तर आम्ही त्याला उत्तर देऊ. कारणच न्हाई म्हटल्यावर उत्तर कुणाला द्यायचं? आता आमचं असं झालंय, की माणूस माणसाजवळ बसायला भितोय. माझ्या जवळच्या माणसानं माझ्यावर..."

तिथे तिचा श्वास अडकला. तिने हात छातीवर ठेवला, तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. हॉल वाट बघत राहिला. अधिकाऱ्यांनी पुढचा कागद उचलला. "चालेल, मुद्दा लक्षात आला," ते म्हणाले.

इंदूने खिडकीबाहेर पाहिलं. खांब. मग निलव्वाकडे पाहिलं. निलव्वाची नजर तिच्यावरच होती, नळावरच्या त्या दिवसापासून पहिल्यांदा. ओळ सुटली होती, आणि मागे झेलायला दुसरं कुणी नव्हतं.

ती उठली.

"माझ्यावर संशय घेतला, असं तिला म्हणायचंय," इंदू म्हणाली. "तो मी घेतला. ती माझी जन्माची मैत्रीण. खांबानं माझा नवरा वाचवला, म्हणून मी खांबाची पूजा केली, आणि त्याच्यावर यायच्या आधी मला हिच्यावर संशय आला. बाई, आमची जागा गेली तर आम्ही पुन्हा भांडून मिळवू. पण शेजाऱ्यावरचा भरवसा गेला, तर भांडायला जमायचं कुणाबरोबर? म्हणून म्हणते, कारण सांगा. जे काय असेल ते तोंडावर सांगा."

ती बोलत होती आणि तिला जाणवत होतं. कीर्तनात बुवांना जाणवत असेल तसं. हॉलमधली प्रत्येक छाती तिच्याबरोबर भरत होती, तिच्याबरोबर रिती होत होती. आता थांबावं, श्वास मोडावा, खोकावं, असं एकदा तिच्या मनात आलं. तिने शेवटपर्यंत सगळं समेवर आणून ठेवलं, आणि मगच बसली.

सदस्य बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाल्या, "खांबांचं आणि जागेचं मी आज सांगू शकत नाही. चौकशी होईल. पण आजपासून एकही हजेरी लेखी कारणाशिवाय निघणार नाही. हा माझा आदेश."

टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना ते खरं वाटायला वेळ लागत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू दाराशी रांगोळी घालत होती, तेव्हा शिपाई आला. या वेळी त्याच्या हातात कागद होता. तो जरा अवघडूनच उभा राहिला.

"तुमचं नाव आलंय, इंदूताई."

"येणारच होतं." तिने हात पुसले. "कारण लिहिलंय का?"

"लिहिलंय. आता लिहायलाच लागतं." त्याने कागद पुढे केला.

शिवाप्पा आतून बाहेर आला. मास्तर समोरून लगबगीने येत होते. इंदूने कागद उजेडाकडे धरला आणि मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"कारण : यांचे ऐकले जाते."

मग मास्तरांनी कागद मागून घेतला, पुन्हा वाचला, चष्मा वर करून आणखी एकदा वाचला. त्यांचा चेहरा पोराला शाळेत पहिला नंबर मिळाल्यासारखा झाला होता. "शिक्क्यासकट दिलंय यांनी," ते म्हणाले. "गुन्हा म्हणून हेच लिहून दिलंय. इंदूताई, हा कागद घेऊन मी आजच वकिलाकडे जातो."

"जा. मी बसते तिथं तोवर." इंदू आत वळली, झांजेची जोडी पिशवीत टाकली. बाकावर दिवस मोठा असतो.

बाहेर आली तर पायरीच्या दुसऱ्या टोकाला निलव्वा बसली होती. डोक्यावर पदर नव्हता. मांडीवर डबा.

"तुमचं नाव नाहीये, मावशी," शिपाई म्हणाला.

"माझं यायचं बी न्हाई. मी पडदा हाय." ती उठली. "पण तुमच्या बाकावर बसायला नाव लागतं असं कागदावर लिहिलंय का?"

शिपायाने कागद आठवून पाहिला. तसं काही लिहिलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी शंकर मृदंग गळ्यात अडकवत उभा होता. त्याच्या मागे रेखा, तिचा नवरा, आणखीही काहीजण. सगळ्यात मागे, कुणी बघत नाही ना हे बघत, अण्णासो.

इंदूने डबा घ्यायला हात पुढे केला. निलव्वाने तो लगेच दिला नाही.

"मी विसरले न्हाई," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग चल." तिने डबा इंदूच्या हातात ठेवला आणि पुढे झाली. चौकात खांबापाशी आल्यावर तिने नेहमीसारखं वरच्या पट्टीत नाम उचललं, आणि श्वास संपला तिथे सोडून दिलं.

इंदूने झेललं.